महेश्वरच्या इमारती नेमक्या कुणाच्या?

महेश्वरचा कोणताही फोटो घ्या. बहुतेक तो नर्मदेतून, नावेत बसून काढलेला असतो. खाली घाटाच्या पायऱ्या, त्यावर नक्षीदार दगडी कमानी आणि झरोके, एक शिखर, मागे तटबंदी. खाली मजकूर ठरलेला: 'देवी अहिल्याबाईंचा राजवाडा' किंवा 'अहिल्याबाईंचा किल्ला'. २०२५ मध्ये त्यांच्या जन्माला तीनशे वर्षं झाली. त्या निमित्ताने हा फोटो पत्रकांवर, फलकांवर, कॅलेंडरांवर इतका फिरला की आता डोळे मिटले तरी दिसतो.

अडचण एवढीच की त्या फोटोत नजर जिथे पहिल्यांदा जाते तो भाग अहिल्याबाईंनी कधी पाहिलेलाच नाही. त्या १३ ऑगस्ट १७९५ रोजी गेल्या. ते कोरीव दगडी काम म्हणजे त्यांची छत्री, अहिल्येश्वर. तिचं काम १७९९ मध्ये सुरू झालं आणि संपायला १८३३ उजाडलं. राजवाडा तो नव्हेच. त्यांचा वाडा वर, तटाच्या आत आहे आणि नदीतून पाहणाऱ्याला तो जवळपास दिसत नाही.

कुणी म्हणेल, एवढं काय त्यात, छत्री तरी त्यांचीच ना? मला वाटतं बरंच काही आहे. इमारत कुणी, कधी आणि कशासाठी बांधली हे कळलं नाही तर ती आपल्याशी काय बोलते हेही कळत नाही. मग काय जपायचं, कशावर पैसा घालायचा, पाहुण्यांना आधी कुठे न्यायचं, हे सगळं त्या फोटोवरूनच ठरतं. महेश्वरचं आज तेच चाललंय.

आधी थोडं मागे जाऊ. मराठ्यांच्या लेखी माळवा हा सुरुवातीला सरहद्दीचा मुलूख होता. नर्मदा ओलांडली की दक्षिण संपली आणि हिंदुस्थान लागला, अशी तेव्हाची बोली. १७२८ च्या नोव्हेंबरात अमझेऱ्याला चिमाजी आप्पांच्या फौजेने माळव्याचा मोगल सुभेदार गिरधर बहादूर याचा पाडाव केला, तिथून पाय रोवायला सुरुवात झाली. १७३८ च्या जानेवारीत दुराहसराईला निजामाला तह करावा लागला आणि १७४१ मध्ये बादशाही सनदेने माळव्याचा कारभार रीतसर पेशव्यांकडे आला. म्हणजे मल्हाररावांची सगळी उमेद ज्या काळात गेली तो काळ तंबूंचा, घोड्यांचा, चौथाईचा. राजधानी म्हणजे फौज जिथे असेल ते ठिकाण. इंदूरला वाडा होता, पण सुभेदार घरी किती दिवस असत हा प्रश्नच आहे.

२० मे १७६६ ला मल्हारराव गेले. पुढच्याच वर्षी मालेरावही गेले. त्यानंतर कारभार हातात घेतलेल्या अहिल्याबाईंनी राहायला महेश्वर निवडलं. राज्याची सरहद्द तोवर चांगली उत्तरेला सरकली होती, फौज तुकोजींकडे होती आणि ती सतत बाहेर असे. अशा वेळी बाईंनी नदीकाठचं जुनं तीर्थक्षेत्र निवडलं. किल्ल्याची तटबंदी होळकरांच्या आधीची, आयतीच मिळालेली. गाव तर त्याहून कितीतरी जुनं. समोरच्या काठावर नावडातोडीला आणि महेश्वरला पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी बडोद्याच्या विद्यापीठातल्या मंडळींबरोबर १९५२-५३ मध्ये उत्खनन केलं, तेव्हा ताम्रपाषाण काळापर्यंतच्या वस्तीचे थर हाती लागले. (पुणे आणि बडोदा, दोन्हीकडची विद्वान मंडळी निमाडातल्या एका टेकाडावर एकत्र, हा एक वेगळाच लेखाचा विषय आहे.) फौजेचं ठाणं असलेली राजधानी मागे टाकून कचेरी आणि देवघर असलेली राजधानी करायची, असा हा बदल आहे. सरहद्दीवरचं राज्य इथे पहिल्यांदा घरात येऊन बसलं.

आणि ते घर कसं आहे ते पाहा.

वाड्यात शिरलं की पहिल्या भेटीत लोकांची निराशा होते. मी अनेकांना 'बस, एवढंच?' म्हणताना ऐकलंय. मध्ये चौक, भोवती ओसरी, कोरीव लाकडी खांब, वर माडी. आपल्याकडच्या बऱ्या परिस्थितीतल्या देशमुखाचा किंवा सरदाराचा वाडा असावा तसा. ओसरीत एक गादी मांडलेली, पांढरीशुभ्र, तक्क्यांची. सिंहासन वगैरे काही नाही. जवळच देवघर. पालखी, काही शस्त्रं, चित्रं मांडून ठेवलेली. आवारात अहिल्याबाईंचा पुतळा.

पण ही इमारत नीट समजून घ्यायची असेल तर जॉन माल्कमचं वर्णन सोबत ठेवावं. माल्कम १८१८ नंतर माळव्यात कारभार बघत होता, त्याने बाईंना पाहिलेलं नव्हतं, पण त्यांना पाहिलेली माणसं तेव्हा हयात होती. त्यांच्याकडून ऐकून त्याने बाईंची दिनचर्या लिहून ठेवली आणि १८२३ च्या त्याच्या ग्रंथात ती छापली गेली. पहाटेच्या आधी तासभर उठणं, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म, समोर बसवून ब्राह्मणभोजन, मग स्वतःचं साधं जेवण, थोडी विश्रांती, आणि दुपारी दोनच्या सुमारास दरबार. तो सहापर्यंत. पुन्हा पूजाअर्चा, थोडं खाणं, आणि रात्री नऊ ते अकरा परत कामकाज.

आता हा दिवस त्या वाड्यात चालून बघा. देवघर ते ओसरी किती पावलं? ओसरी ते चौक किती? पूजा, पंगत, न्यायनिवाडा आणि हिशेब ही चारही कामं एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत. फिर्याद घेऊन आलेला माणूस चौकात उभा राहिला की थेट गादीसमोरच येतो. मध्ये दिवाणखान्यांची रांग नाही, पडद्यामागची बैठक नाही. ज्या राज्याची विधवा सुभेदारीण पडदा न पाळता स्वतः दरबारात बसत होती, त्या राज्याचा हा नकाशा आहे. वास्तुशास्त्राच्या पुस्तकात सापडेल असं इथे फारसं काही नसेल, पण राज्यकारभाराच्या पद्धतीशी इतकी चपखल बसणारी इमारत मला दुसरी चटकन आठवत नाही. बस, एवढंच? हो, एवढंच. त्यातच तिचं मोठेपण आहे.

इथे एक खबरदारी घ्यायला हवी. साधा वाडा म्हणजे साधी वृत्ती, असा सोपा हिशेब मांडू नये. लाकूड, माती, चुना ही तेव्हाच्या मराठी घरांची नेहमीचीच सामग्री. पण याच बाईंनी काशीला विश्वेश्वराचं मंदिर १७८० च्या सुमारास बांधलं, गयेला विष्णुपद, वेरूळला घृष्णेश्वर. दगडाचे उत्तम कारागीर आणि ते परवडवणारी खासगीची तिजोरी, दोन्ही हाताशी होतं. तरी स्वतःच्या घराला ते वापरलं नाही. महेश्वरात त्यांनी दगड वापरला तो घाटांना. त्या पायऱ्यांवर आजही बायका कपडे धुतात, मुलं उड्या मारतात, कुणीतरी दहाव्याचं करत असतं. ठिकठिकाणी शिवलिंगं, नंदी. महेश्वरात अहिल्याबाईंचं म्हणावं असं दगडी काम हवं असेल तर ते पायाखाली आहे, नजरेसमोर नाही.

मग नजरेसमोरचं कुणाचं?

तुकोजी होळकर १५ ऑगस्ट १७९७ ला पुण्यात वारले. महिनाभरात, १४ सप्टेंबरला, त्यांचे पुत्र मल्हारराव पुण्यातच दौलतराव शिंद्यांच्या फौजेने अचानक घातलेल्या छाप्यात मारले गेले. थोरले काशीराव शिंद्यांच्या हातातले बाहुले झाले. यशवंतराव हे तुकोजींचे दासीपुत्र, त्यांचा वारसाहक्क पुण्याला मान्य नव्हता. नागपूर, धार असं करत, भिल्ल-पेंढाऱ्यांची फौज जमवत ते उभे राहिले आणि १७९९ च्या जानेवारीत त्यांनी स्वतःला राज्याभिषेक करवून घेतला.

आणि अहिल्याबाईंच्या छत्रीचं काम सुरू झालं तेही १७९९ मध्येच.

हे वर्ष मला फार बोलकं वाटतं. ज्याच्या हक्काबद्दल सगळे शंका घेत आहेत असा माणूस गादीवर येतो आणि घराण्यातल्या सर्वांत पुण्यशील बाईचं स्मारक हाती घेतो. भक्ती असेलच, ती नाकारायचं कारण नाही. पण त्याबरोबर एक जाहीरनामाही आहे: या बाईंचा वारस मी. तो जाहीरनामा वाड्यात आतमध्ये कोरून उपयोग नव्हता. तो नदीकडे तोंड करूनच हवा होता, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक नावेतून, परिक्रमेला निघालेल्या प्रत्येक माणसाला दिसेल असा. म्हणून ते भव्य प्रवेशद्वार, म्हणून त्या उंच पायऱ्या, म्हणून तो कोरीव दर्शनी भाग. आत गाभाऱ्यात शिवलिंग आणि मागे बाईंची मूर्ती. बाहेरची सगळी मांडणी मात्र राजकारणाची आहे, आणि उत्तम राजकारणाची आहे. फोटो काढणाऱ्याला आज जी जागा आपोआप सापडते ती यशवंतरावांनी सव्वादोनशे वर्षांपूर्वी निवडून ठेवली, असं म्हटलं तरी चालेल.

त्याच आवारात दुसरी छत्री आहे विठोजींची, यशवंतरावांच्या भावाची. एप्रिल १८०१ मध्ये पुण्यात दुसऱ्या बाजीरावांनी विठोजींना हत्तीच्या पायी देऊन मारलं. पुढे २५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरला यशवंतरावांनी पेशवे आणि शिंदे यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला, बाजीराव वसईला इंग्रजांकडे पळाले आणि पुढचं सगळं रामायण घडलं. या छत्रीच्या जोत्यावर हत्तींची रांग कोरलेली आहे. गाईड लोक तिथे थांबून हमखास सांगतात, पाहा, हत्तीने मारलं म्हणून हत्ती कोरले. श्रोते हळहळतात.

मला ही कथा अर्धवट पटते. जोत्यावर गजथर असणं ही देवळांच्या बांधणीतली फार जुनी रीत आहे. शेकडो वर्षांपूर्वीच्या मंदिरांना हत्तींचे थर आहेत, तिथे कुणी हत्तीच्या पायी मेलेलं नाही. कारागिराने आपली परंपरा पाळली एवढंच असू शकतं. पण विठोजींचा मृत्यू ज्यांना माहीत होता त्या प्रत्येकाला, विशेषतः पुण्याहून येणाऱ्याला, ती रांग नुसती नक्षी वाटली नसणार. बांधणाऱ्याने ठरवून केलं की नाही याचं उत्तर दगड देत नाही. बघणाऱ्याला काय दिसणार हे मात्र यशवंतरावांना ठाऊक असणारच. एवढं सांगितलं तरी पुरे आहे, आणि गाईडच्या गोष्टीपेक्षा ते जास्त धारदार आहे.

यशवंतराव स्वतः महेश्वरात फार राहिलेच नाहीत. इंदूर तर १८०१ मध्ये सर्जेराव घाटग्यांनी लुटून जाळलं होतं. त्यांचं ठाणं भानपुऱ्याला गेलं, तोफा ओतायचा कारखाना तिथे, मृत्यूही तिथेच, २८ ऑक्टोबर १८११ ला. त्यांची छत्री भानपुऱ्यात आहे. महेश्वरचं काम तोवर अर्ध्यावर होतं.

ते पुरं केलं कृष्णाबाईंनी. यशवंतरावांच्या पत्नी, दुसऱ्या मल्हाररावांच्या आई. मधल्या काळात काय घडलं बघा: डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरची लढाई, तुळसाबाईंचा खून, होळकरांचा पराभव. ६ जानेवारी १८१८ ला मंदसोरचा तह. राजधानी इंदूरला गेली, रेसिडेंट आला. राजपुतान्यातले संस्थानिक, सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख, सगळं हातचं गेलं. सरहद्द हा शब्दच होळकरांच्या कारभारातून संपला. आणि अशा वेळी कृष्णाबाई सासरच्या थोर बाईंचं स्मारक चिकाटीने पूर्ण करत होत्या. इंदूरच्या राजवाड्याजवळचं गोपाळ मंदिर त्यांचंच, १८३२ चं. म्हणजे दोन्ही कामं एकाच वेळी, एकाच बाईच्या देखरेखीखाली. ऑक्टोबर १८३३ मध्ये त्यांचा मुलगा मल्हारराव वारला, छत्री संपली त्याच वर्षी.

इंदूरच्या आपल्या वाचकांना एक सुचवतो. गोपाळ मंदिराचा सभामंडप आणि महेश्वरच्या छत्रीचा वरचा भाग पाठोपाठच्या दिवशी पाहा. एकीकडे लाकूड, एकीकडे दगड. तरी दोन्हीकडे एक जाणवतं: सत्ता गेल्यानंतर घराण्याची प्रतिष्ठा जपण्याचं साधन म्हणून धार्मिक वास्तू. यशवंतरावांचा जाहीरनामा आणि कृष्णाबाईंची ही जपणूक, दोन वेगळे स्वर आहेत आणि ते एकाच इमारतीत आहेत. 'अहिल्याकालीन' असा एकच शिक्का मारला की दोन्ही पुसले जातात. दासीपुत्र म्हणून हिणवला गेलेला राजा आणि हरलेल्या राज्याची राजमाता, दोघंही आपल्या इतिहासात तसेही कोपऱ्यातच असतात. निदान त्यांनी बांधलेल्या इमारतीवर तरी त्यांचं नाव असू द्यावं.

इंदूरच्या राजवाड्याची गोष्टही अशीच आहे, थोडक्यात सांगतो. सात मजली म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो तो मल्हाररावांचा, असं सर्रास म्हटलं जातं. सुरुवात त्यांची, १७४७ ची. पण १८०१ च्या जाळपोळीनंतर तो तात्या जोगांच्या दिवाणगिरीत पुन्हा उभा राहिला, आणि १९८४ च्या आगीनंतर आणखी एकदा. दर वेळी जळलं ते लाकूड.

हे इथे मुद्दाम आठवतो, कारण महेश्वरचा वाडाही लाकडाचाच आहे. दगडी छत्रीला शंभर वर्षं कुणी हात लावला नाही तरी ती उभी राहील, फार तर एखादा कंगोरा पडेल. लाकडी वाड्याला दर पावसाळ्याआधी बघावं लागतं. गळती, वाळवी, तुळईचं डोकं भिंतीत कुजणं, आणि विजेच्या तारा. शिवाय दुरुस्ती करताना सिमेंट थापलं की चुन्याच्या भिंतीचा श्वास कोंडतो आणि ओल लाकडात उतरते. म्हणजे ज्या इमारतीला लक्ष जास्त हवं तिला प्रसिद्धी कमी, आणि जिला प्रसिद्धी तिला लक्ष थोडं कमी मिळालं तरी चालण्यासारखं. फोटोने केलेली ही उलटापालट आहे.

सिनेमाने तीच वाट पुढे नेली. 'अशोका' (२००१) मध्ये हे घाट मौर्यकाळाचे झाले, 'पॅडमॅन' (२०१८) मध्ये ते निदान महेश्वरच राहिले. चित्रीकरणाने गावात पैसा येतो, नावाडी, लॉजवाले, साडीवाले यांची चार दिवस चंगळ होते, त्याला नाकं मुरडण्यात अर्थ नाही. फक्त कॅमेरा कधी वर वाड्यात जात नाही एवढंच नोंदवतो. किल्ल्याच्या एका भागात २००० पासून हेरिटेज हॉटेल आहे. त्यावर टीका करणारे बरेच आहेत. माझं मत थोडं वेगळं आहे. राहता वाडा मोकळ्या वाड्यापेक्षा जास्त टिकतो, रोज झाडला जातो, दिवा लागतो. मात्र तटावरून नदीचं जे दृश्य दिसतं, ते सामान्य माणसालाही थोडं तरी खुलं असायला हवं होतं.

विणकामाचा उल्लेख केल्याशिवाय महेश्वरबद्दल लिहिता येत नाही. अहिल्याबाईंनी विणकर बोलावून वसवले, आणि १९७९ मध्ये सुरू झालेल्या रेहवा सोसायटीने मरू घातलेला हा धंदा पुन्हा उभा केला. साडीच्या काठांवरची चटई, ईंट, हिरा ही नक्षी किल्ल्याच्या भिंतींवरून घेतली असं विक्रेते सांगतात. खरंखोटं काहीही असो, मला त्यात वेगळीच गोष्ट दिसते. नक्षी बाहेरच्या दगडावरून घेतली असं सांगितलं जातं, पण माग चालतात ते गावातल्या साध्या, लाकडी आढ्याच्या घरांत. त्या गल्ल्या राजधानीचाच भाग आहेत. पाहणीच्या यादीत त्यांना 'शॉपिंग' या सदरात टाकलं जातं.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. पारसनिसांनी छापलेली 'महेश्वर दरबारची बातमीपत्रे' आता डिजिटल रूपात मिळतात. सरहद्दीवरच्या बातम्या, वकिलांच्या येरझाऱ्या, हुंड्या, कुणाची भेट कधी झाली, कुणाला किती वेळ थांबावं लागलं, असं सगळं त्या काळच्या दरबारी मराठीत. आपल्यातल्या ज्यांना मोडी आणि जुनी भाषा वाचायची सवय आहे त्यांनी दोन-चार पत्रं निवडून, सोप्या मराठीत आणि हिंदीत करून द्यावीत. ती वाड्याच्या ओसरीत, गादीशेजारी लावता येतील. आणि छत्रीच्या दारात एक छोटी पाटी, तीन ओळींची: सुरुवात १७९९, यशवंतराव होळकर, पूर्ण १८३३, कृष्णाबाई होळकर, स्मरण अहिल्याबाई होळकर यांचं. गाईड मंडळींची गोष्ट त्याने बिघडणार नाही, उलट त्यांना सांगायला दोन माणसं जास्त मिळतील.